नव्या घरातली नऊ फुटांची भिंत: चित्र कोणतं, कुठे आणि किती उंचीवर?

ओसरी | ८ जून, रात्री १०:१२

ठाण्यात दोन बेडरूमचं घर घेतलंय. पाडव्याला ताबा मिळाला, फर्निचरचं काम संपत आलंय, रंगाचा शेवटचा हात तेवढा बाकी आहे. दिवाणखान्यात सोफ्यामागे नऊ फूट रुंद सलग भिंत आहे आणि तिच्या बरोबर समोर पश्चिमेची मोठी खिडकी.

मागच्या आठवड्यात आमच्या इंटिरियर डिझायनरने टॅबवर तीन कॅनव्हास प्रिंट दाखवल्या. तिन्हींत सोनेरी आणि राखाडी फराटे. "कुशनचा राखाडी यात छान उचलला जातो, तिन्ही घेतल्या तर भिंत भरून जाईल," असं म्हणाली. ती मनापासून सांगत होती आणि तिचं बाकीचं काम मला खरंच आवडलंय. पण 'भिंत भरून जाईल' हे शब्द डोक्यातून जाईनात. कपाटाच्या मुठींसाठी आम्ही दोन शनिवार लोहार चाळीत फिरलो. रोज डोळ्यांसमोर राहणारं चित्र मात्र दोन मिनिटांत ठरवायचं, तेही कुशनच्या रंगावरून, हे मनाला पटत नाही.

माझं लहानपण वाईत गेलं. आजोबांच्या माजघरात हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र होतं. एका हाताने ज्योत झाकलेली, त्या बोटांमधून लालसर उजेड झिरपतोय. आम्ही त्याला रवि वर्म्याचं चित्र म्हणायचो. परवचा म्हणताना माझी नजर त्या बोटांवर असायची. आज पाढे विसरले, बोटं आठवतात. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात सायकलवरून जायचो, तिथल्या भिंतींवरची चित्रंही अशीच मनात राहिली आहेत. माझ्या मुलाला या घरातलं असं काहीतरी आठवावं, एवढंच वाटतं.

चित्रासाठी पंचवीस-तीस हजार बाजूला ठेवलेत. सासूबाईंना सात घोड्यांचं चित्र हवंय. नवरा म्हणतो, भिंत मोकळी ठेव. तुम्ही तुमच्या घरात कसं ठरवलंत?

रंगपेटी | ८ जून, रात्री ११:०५

आधी एक दुरुस्ती, कारण ती या विषयाशी जोडलेली आहे. ते चित्र राजा रवि वर्म्यांचं नाही. ते सावळाराम हळदणकरांचं आहे, १९४०च्या दशकातलं, आणि तैलरंगातलं नसून जलरंगातलं आहे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. समोर उभी होती ती त्यांची मुलगी गीता. जलरंगात चूक झाली तर पुसून वर रंग चढवता येत नाही. कागदाचा पांढरेपणा राखूनच उजेड दाखवावा लागतो. बोटांमधला तो लालसर झिरपणारा प्रकाश असा काढलाय, हे कळल्यावर मी म्हैसूरला त्या चित्रासमोरून बराच वेळ हलले नव्हते.

आता प्रिंटबद्दल. प्रिंट म्हणजे कमी दर्जाचं, असं मी म्हणणार नाही. रवि वर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला तो याचसाठी. संस्थानिकांच्या दिवाणखान्यात असलेली लक्ष्मी-सरस्वती साध्या घरात पोचावी म्हणून. एकेका रंगासाठी वेगळी शिळा, एकाच कागदावर पुन्हा पुन्हा छपाई. पुढे तो छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. घरोघरी बायकांनी त्या छापील देवींना खरी जर लावली, टिकल्या लावल्या, मणी शिवले. म्हणजे छापलेलं चित्रही घरात आल्यावर त्या घराचं झालं. तुझ्या आजोबांकडे होती तीही प्रतच होती, आणि तू ती अजून विसरली नाहीस.

त्यामुळे मूळ की प्रत यापेक्षा मी असं विचारेन: हे चित्र तू निवडलंस का? बाकी सगळं घर हटवून फक्त ते चित्र उरलं तरी तुला ते जवळ हवं वाटेल का? त्या राखाडी फराट्यांबद्दल तुझं उत्तर तूच पहिल्या पोस्टमध्ये दिलं आहेस.

ओळंबा | ९ जून, सकाळी ८:२०

मी घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम चौदा वर्षं करतोय, त्यामुळे डिझायनरची बाजू मांडतो. दहातल्या आठ घरांत चित्राचा विषय निघतो तो हस्तांतराच्या आठवड्यात. तोवर पैसे मॉड्युलर किचन आणि फॉल्स सीलिंगमध्ये संपलेले असतात, आणि वास्तुशांतीच्या आधी भिंत 'पूर्ण' दिसायला हवी असते. अशा वेळी कॅटलॉग उघडण्यावाचून आमच्या हातात काही राहत नाही. तुमच्या डिझायनरनेही हेच केलं असणार. चित्राचा विचार वायरिंगच्या नकाशाबरोबर व्हायला हवा, हे मी आता पहिल्याच बैठकीत सांगतो. पूर्वीच्या वाड्यात कोनाडा भिंत बांधतानाच ठेवायचे, नंतर फोडत नसत.

तुमचं रंगकाम बाकी आहे, म्हणजे अजून वेळ गेलेली नाही. काही गोष्टी आत्ताच बघा.

समोर पश्चिमेची खिडकी आहे. म्हणजे दुपारी तीननंतर ऊन थेट त्या भिंतीवर येणार. तिथे जलरंग, कागदावरचं काम, जुनं कापड यातलं काहीही लावू नका. पाच-सात वर्षांत निळे आणि गुलाबी रंग उडालेले दिसतील. शिवाय काचेची फ्रेम लावलीत तर संध्याकाळभर चित्राऐवजी खिडकीच दिसेल. संग्रहालयांत कागदावरच्या चित्रांवर साधारण ५० लक्सच उजेड ठेवतात, तैलचित्रांना २००पर्यंत चालतो. आपल्या खिडकीतलं थेट ऊन त्याच्या कितीतरी पट असतं. त्या भिंतीला बिनकाचेचं तैलरंग किंवा ॲक्रिलिकमधलं कॅनव्हास बरं, तेही पडद्याच्या आडोशाने.

भिंत कशाची आहे ते बिल्डरच्या माणसाला विचारा. हल्ली बहुतेक ठिकाणी हलके सिपोरेक्स ब्लॉक असतात. त्यात नुसता खिळा दोन महिन्यांत सैल होतो. त्या ब्लॉकसाठी मिळणारी लांब गिट्टी (भोकात बसवायचा प्लग) आणि स्क्रू वापरा, आणि चित्र एका टोकावर न टांगता दोन ठिकाणी टेकवा. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, आत पाइप असतो.

आकार: सोफ्याच्या रुंदीच्या दोन तृतीयांश, याच्या आसपास एक चित्र किंवा एक गट. सोफ्याच्या पाठीपासून वर सहा ते आठ इंच. त्याहून वर गेलं की चित्र सोफ्यापासून सुटून छताकडे गेल्यासारखं दिसतं. आपल्याकडे चित्रं फार उंच लावतात. मला वाटतं, ही सवय देवांच्या आणि पूर्वजांच्या तसबिरींवरून आली असावी, त्या मान वर करून बघायच्या असतात.

निळीशाई | ९ जून, सकाळी ९:०२

ओळंबा, फार उपयोगी. उंचीचं नेमकं माप सांगाल का? आमच्या घरात यावरून रोज वाद आहे.

ओळंबा | ९ जून, सकाळी ९:४०

चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर. कलादालनांत साधारण हेच धरतात. आधी वर्तमानपत्र त्या मापाचं कापून भिंतीला चिकटपट्टीने लावा आणि चार दिवस तसंच राहू द्या. येता-जाता कळतं.

पिंगुळीकर | ९ जून, दुपारी १:१५

हळदणकर आमच्या सावंतवाडीचे, त्यामुळे वरची दुरुस्ती वाचून आनंद झाला.

मला ओलीबद्दल लिहायचंय, कारण कोकणात आम्ही त्यात बरंच गमावलंय. बहिणीच्या लग्नात तिच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी स्वतः काढलेलं जलरंगातलं निसर्गचित्र दिलं होतं. फ्रेमवाल्याने कागद थेट काचेला चिकटवून बसवला आणि आम्ही तो पावसाच्या माऱ्याच्या बाजूच्या भिंतीवर लावला. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षी काढून पाहिलं तर आभाळावर करडे ठिपके, आणि कागद काचेला असा चिकटलेला की सोडवताना रंगाचा पापुद्रा निघाला. बाई तेव्हा हयात नव्हत्या. ते चित्र परत कोण काढणार?

तेव्हापासून पाळतोय ते असं. चित्र आणि काच यांच्यात माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, जाडी हवीच. माउंट आणि मागचा पुठ्ठा आम्लरहित घ्या, साधा पुठ्ठा चित्राच्या कडा पिवळ्या करतो. पाठीमागे चारही कोपऱ्यांना रबराचे किंवा बुचाचे तुकडे लावा, म्हणजे फ्रेम आणि भिंत यांच्यात हवा खेळते. बाहेरच्या भिंतीवर कागदाचं काहीही नको, आतल्या भिंतीवर लावा. दसऱ्याच्या आसपास सगळ्या फ्रेम उतरवून मागून पाहायच्या. कसर आणि वाळवी आधी पाठीमागूनच सुरुवात करतात.

आणि एक विनंती. पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवायचे आणि एकेक चित्र पुढे करत वाद्यांच्या साथीने कथा गायची. त्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती यासाठीच. कुडाळहून पिंगुळी अगदी जवळ आहे. तिथे जाऊन बघा, नवं चित्र काढून घ्या. मोठ्या डोळ्यांच्या, बाजूने काढलेल्या त्या आकृत्या एकदा घरात आल्या की पाहुणा विचारतोच, हा कोणता प्रसंग? मग कथा सांगावी लागते. मला वाटतं, भिंतीवरच्या चित्राने घरातल्या माणसाला बोलतं करणं हे फार मोठं काम आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफाही, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, मिळतात. दशावतारी संचात १२० गोल पानं असतात, दर अवताराची १२. दहा राजांची दहा पानं एका ओळीत फ्रेम केलेली मी एका घरात पाहिली, अरुंद पॅसेजमध्ये. लांबट भिंतीला ती फार शोभून दिसत होती.

तारपा | ९ जून, रात्री ९:३०

मी डहाणू तालुक्यात शिक्षक आहे. अजून कोणी वारलीचं नाव काढलं नाही, पण निघेलच, म्हणून आधीच लिहितो.

शहरातल्या घरांत वारलीचे स्टिकर बघितले की वाईट वाटतं. जिन्याच्या कडेला, फ्रिजवर, चहाच्या ट्रेवर तीच गोल फिरणारी माणसं. ही चित्रं मुळात लग्नाची. कुडाची भिंत शेणाने आणि गेरूने सारवायची, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूची काडी टोकाला चावून तिची लेखणी करायची आणि सवाशिणींनी लग्नाचा चौक काढायचा. त्या चौकात पालघाट देवी बसते. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. जिव्या सोमा मशे यांनी १९७०च्या दशकात ही चित्रकला कागदावर आणि कापडावर आणून रोजच्या जगण्याकडे वळवली. भातलावणी, मासेमारी, मुंग्यांची रांग, तारपानाच. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आज आमच्याकडे तरुण मुलं-मुली यावर घर चालवतात, आणि स्टिकरचा एक रुपयाही त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

ज्यांना वारली हवी त्यांनी काढणाऱ्या माणसाला घरी बोलवावं. भिंत दाखवावी आणि विचारावं, तुम्हाला इथे काय काढावंसं वाटतं? दिवसांचे पैसे द्यावे, येण्या-जाण्याचे, राहण्याचे द्यावे. नाव आणि साल भिंतीवर लिहायला सांगावं.

ओसरी | ९ जून, रात्री १०:५०

तारपा सर, मनापासून धन्यवाद. एक प्रश्न. दिवाणखान्यात चौक काढून घेणं चुकीचं ठरेल का? मला त्याची बारीक नक्षी फार आवडते.

तारपा | ९ जून, रात्री ११:१०

माझं मत विचाराल तर चौक नको. तो लग्नघराचा आहे, देवीला बोलावण्यासाठी आहे. कापडावर विकायला काढलेले चौक मिळतात आणि काढणाऱ्यांची त्याला हरकत नसते, हेही खरं. पण तुमच्या भिंतीसाठी शेत, झाड, डोंगर मागा. एका मोठ्या झाडात एकेक पान वेगळं काढायला दोन दिवस लागतात. ते बघायला तुमच्या मुलाला जवळ बसवा.

कोरी_भिंत | १० जून, सकाळी ७:४५

मी थोडं वेगळं मत मांडते.

गिरगावात चाळीत दीड खोलीत आम्ही पाच जण वाढलो. भिंतीवर जागा होती ती फळीला, खुंटीला आणि घड्याळाला. फ्रेममधलं चित्र आमच्याकडे कधीच नव्हतं. पण कलेवाचून वाढलो असं मला मुळीच वाटत नाही. फळीवर पितळेचे डबे उतरत्या क्रमाने लावलेले, दर शनिवारी चिंचेने घासलेले. श्रावणात आई दाराशेजारी जिवतीचा कागद लावायची. नरसिंह, कालियामर्दन, मुलांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, हत्ती-वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. साधा काळा छापील कागद, त्याला आघाड्याची आणि दूर्वांची माळ. महिनाभर आम्ही तो न्याहाळत असू. नागपंचमीला पाटावर गंधाने नाग. चैत्रात गौरीपुढे, एवढ्याशा गॅलरीत, चैत्रांगण. त्यात पाळणा, शंख, कासव, गोपद्मं, तुळस, सूर्य-चंद्र, सगळं दोन बोटांतून सुटणाऱ्या रांगोळीचं. दुसऱ्या दिवशी पुसलं जायचं आणि आई परत काढायची.

ही चित्रं येत होती आणि जात होती. भिंत रिकामी असल्यामुळे ती यायला जागा होती. आज माझ्या स्वतःच्या घरात एक भिंत मी मुद्दाम कोरी ठेवली आहे आणि दाराशी दोन फूट जमीन रांगोळीसाठी राखली आहे. तिथे चपलांचं कपाट करायचं नाही, हे सुताराला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ओसरी, तुझ्या नवऱ्याचं म्हणणं उडवून लावू नकोस. मोकळी भिंत ही सुद्धा ठरवून केलेली गोष्ट असू शकते.

रंगपेटी | १० जून, सकाळी १०:२०

कोरी_भिंत, फार सुंदर लिहिलंस. जिवतीचा कागद मी जपून ठेवलाय, प्रत्येक श्रावणातला एक. एवढ्या एका मुद्द्यावर मात्र माझी असहमती आहे. मोकळी भिंत ठेवणाऱ्या बहुतेक घरांत चैत्रांगणही उरलेलं नाही, आणि जिवंत चित्रकाराकडून चित्र घेणारेही फार थोडे आहेत. मी शिकत होते तेव्हा आमच्या वर्गात चाळीस जण होते. त्यातले चार आज चित्र काढून जगतात. पंचवीस हजार बाजूला ठेवणारं घर भेटतं तेव्हा मी तरी म्हणेन, ओसरी, ते एका माणसाच्या कामाला दे.

कुठे बघायचं ते सांगते. काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीत (१९५२ पासून आहे) आतली प्रदर्शनं दर आठवड्याला बदलतात. बाहेरच्या फुटपाथवरही चित्रकार स्वतः आपली कामं लावून बसतात, तिथे थेट बोलता येतं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या वार्षिक प्रदर्शनात विद्यार्थ्यांची कामं असतात, माझं पहिलं छापाचित्र मी तिथून घेतलं. पुण्याला बालगंधर्व कलादालन. घाई करू नका. आवडलेल्या चित्राकडे दोनदा जा. घेताना मागे सही, साल, माध्यम लिहून घ्या आणि पावती घ्या. घासाघीस करू नका. परवडत नसेल तर त्याच चित्रकाराचं लहान चित्र मागा, ते नेहमी असतं.

निळीशाई | १० जून, दुपारी १२:३०

सासूबाईंच्या सात घोड्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही. त्याही त्या घरात राहणार आहेत ना? माझ्या आईनेही तेच चित्र मागितलं होतं. तिच्या खोलीत, पलंगावरून दिसेल असं लावलं. ती रोज सकाळी उठल्यावर बघते. तिला त्यातून बळ मिळतं आणि मला तेवढं पुरेसं आहे.

ओसरी | १४ जून, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. चार दिवसांत घरात बरंच बोलणं झालं.

सात घोडे सासूबाईंच्या खोलीत, त्यांनी स्वतः निवडून. यावर एका मिनिटात एकमत झालं. आधी विचारलंच नव्हतं, याचं मला वाईट वाटलं. पॅसेजची भिंत आतली आहे, उन्हाचा संबंध नाही. तिथे चित्रकथीची दोन चित्रं, पुढच्या महिन्यात पिंगुळीला जाऊन घेऊ. नऊ फुटांच्या भिंतीचं दिवाळीपर्यंत काही ठरवायचं नाही. तोवर दर महिन्यातला एक शनिवार काळा घोड्याला.

ओळंबा, तुमचं वर्तमानपत्र लावलं. चार बाय तीन फूट, मध्य ५८ इंचांवर. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "खूप वर आहे गं." मला पटेना. मग त्यांच्याशेजारी जमिनीवर बसून पाहिलं. आम्ही सोफ्याच्या समोर, खिडकीपाशी गादी-तक्क्यांची बैठक केलीय. संध्याकाळी सगळे तिथेच बसतो, जेवतोही तिथेच. मुलगा तर दिवसभर जमिनीवरच असतो. तिथून बघितलं की कागद खरोखर छताजवळ वाटतो. मग सोफा आठ इंच बाजूला सरकवून पाहिला, तर कागद सोफ्याच्या डावीकडे खाली आणता येतो. आता मध्य ४४ इंचांवर आहे. उभ्या माणसाला खाली वाटेल. चालेल का?

ओळंबा | १४ जून, रात्री १०:४०

चालेल, आणि मला हे आधी सुचायला हवं होतं. ५७ इंच हे उभं राहून चित्र बघणाऱ्याचं माप आहे. मी ते सगळ्या घरांना सरसकट लावत आलो. बैठक असलेल्या घरात बसलेल्या माणसाच्या डोळ्यावरून मोजायला हवं. माझी दोन कामं चालू आहेत, दोन्हीकडे उद्या जमिनीवर बसून बघतो.

तुमचं चित्र भिंतीच्या मध्यावरून डावीकडे गेलं म्हणजे छतातला दिवाही सरकणार. चित्रापासून अडीच-तीन फूट पुढे, ३० अंशांच्या कोनात पडेल असा एकच पॉइंट घ्या. ३००० केल्विनचा (पिवळसर उजेडाचा), रंगदर्शकता (रंग किती खरे दिसतात त्याचं माप, सीआरआय) ९० च्या वरचा एलईडी, वेगळ्या स्विचवर. चित्र दिवाळीला येऊ दे, वायर आत्ताच ओढून ठेवा. रंगारी शेवटचा हात कधी मारणार आहे?

ओसरी | १४ जून, रात्री १०:४८

सोमवारी. उद्या सकाळीच इलेक्ट्रिशियनला फोन करते.